सुताराच्या सायकलवरचा चौथा दिवा

घरात माझं कुणी ऐकलं नाही, दुकानात कुणी ऐकत नाही, तेव्हा निदान तुम्ही तरी ऐका. मी सायकलचा दिवा आहे. हँडलवर बसतो, मुठीत मावतो आणि अंधारात डोंगरातल्या वाटा तुडवणाऱ्या सायकलींसाठी मला बनवलंय. बडबड करायचा माझा स्वभाव नाही. पण मी बिघडलोय असं माझ्याबद्दल सांगितलं जातंय. ते साफ खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी बाप-लेकीपैकी एकाचा जीव जाईल या भीतीने मला चैन पडत नाही.

कारखान्यात एका बाईने माझी काच बसवली. मग मला पेटता ठेवून पाण्यात बुडवलं, टेबलावरून दोनदा खाली टाकलं, थरथरत्या फळीवर तासभर नाचवलं. एवढं सगळं होऊनही मी जळतोय हे बघून तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला. पुढे कुणी काही म्हणो, तो शिक्का अजून आहे.

दुकानात मी चार महिने होतो. तिथे एक गोष्ट कळली. दिवा निवडताना माणसं दिवा बघतच नाहीत, डब्यावरचा आकडा बघतात. आकडा मोठा तो दिवा चांगला! दुकानदार बिचारा प्रत्येकाला समजावून दमायचा. "अहो, नुसता उजेड किती ते बघू नका, पडतो कुठे ते बघा. एक दिवा लांबवर मारतो, एक बाजूला पसरतो. हँडलवरचा दिवा हँडल वळेल तिकडे बघणार, हेल्मेटवरचा तुमचं डोकं वळेल तिकडे." लोक मान डोलवायचे आणि मोठ्या आकड्याचा डबा उचलून चालू लागायचे. दुकानदाराने हात टेकले होते.

आणि मग मिस्त्री आले. सुतार माणूस, पंचेचाळिशीचे, शर्टाच्या खिशात पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा. हातात एक दिवा होता, तो त्यांनी काउंटरवर ठेवला.

"हाही नाही चालत."

"मिस्त्री, हा तिसरा!" दुकानदार म्हणाला. "याला काय झालं आता?"

"समोरचं दिसतं. बाजूचं काही दिसत नाही. वाट कुठे संपते आणि दरी कुठे सुरू होते, पत्ताच लागत नाही."

आता खरं सांगा, यात दुकानदाराची काय चूक? गिऱ्हाईक म्हणतंय बाजूचं दिसत नाही, मग त्याने दुकानातला सगळ्यात पसरट उजेडाचा दिवा काढून दिला. तो म्हणजे मी. "हाही पुरला नाही ना, तर ट्रकचे हेडलाइट काढून सायकलला बांधा," असंही वर म्हणाला. दोघं हसले. मीही खूश झालो. वाटलं, चला, कुणीतरी पारखून घेतलं आपल्याला.

मिस्त्रींच्या घरात दोघंच. ते आणि अठरा वर्षांची मुलगी. तिची आई परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी यायची. मिस्त्रींची खाली कामाची खोली, वर राहायचं. दिवसभर करवतीचा आवाज चालायचा. दर शनिवारी मात्र दिवस मावळायच्या आत करवत बंद व्हायची आणि बाप-लेक सायकली घेऊन डोंगरावर जायचे. मुलगी सहा वर्षांची असल्यापासूनचा हा नेम. मिस्त्री पुढे, ती मागे. येत्या उन्हाळ्यानंतर ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती. उरलेल्या शनिवारांच्या मिस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि दर रविवारी सकाळी एक रेघ खोडताना त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली, अगदी सुतारी पद्धतीने. खोलीच्या एका टोकाला मला लाकूड आवळायच्या शिकंज्यात पकडलं, दुसऱ्या टोकाला मोजपट्टी टांगली, खिडक्या लावल्या आणि बारा पावलांवरून पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायला लागले. एकेक मिलिमीटर घडाघडा वाचला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले मला. माझी छाती फुगली.

पण डोंगरावर गेलो आणि तासाभरात शिव्या सुरू झाल्या. "अरे कुठे उजेड पाडतोयस, मेल्या!" मी तर वाटेवरही होतो, दोन्ही कडांवर होतो, गवतावर होतो. उजवीकडचा दगड मी धुऊन काढल्यासारखा लख्ख दाखवत होतो. मिस्त्री त्याला जाऊन धडकले.

त्यांनी पुन्हा खोलीत नेऊन मोजपट्टी टांगली. पुन्हा सगळ्या रेघा दिसल्या. मग त्यांनी निदान केलं, की हा दिवा घरात बरा चालतो, डोंगरावर हादरे बसले की मार खातो. आयुष्यभर मापावर विश्वास ठेवलेला माणूस. पण माप घेतलं ते नाकासमोरचं! पट्टी ते सरळ समोर टांगायचे. बाजूला एकदा जरी टांगली असती तरी कळलं असतं. मी ओरडून ओरडून सांगितलं असतं हो, पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त जळता येतं.

हे सगळं कळलेली एकच व्यक्ती होती, त्यांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. पूर्वी टेलिफोनच्या कचेरीत होती. आता तिला अजिबात दिसत नाही. एका रविवारी मिस्त्री तिच्या दाराची कडी बसवायला गेले. तिच्या जिन्यात अंधार, म्हणून मी खिशात होतो. आत शिरताच ते स्टुलावर आपटले.

"हे कितवं रे?" ती म्हणाली. "मागच्या वेळी दाराच्या चौकटीवर आपटलास. त्याच्या आधी माझ्या पाण्याच्या भांड्यावर."

"घाईत होतो, ताई."

"माझं असंच सुरू झालं होतं. आधी दिवेलागणीनंतर दिसेना. मग बाजूचं दिसेना. मीही म्हणायचे, बल्ब बदला, बल्ब बदला." तिने हात पुढे करून त्यांचा चेहरा चाचपला. "डॉक्टरकडे जा. आणि पोरीलाही घेऊन जा. आपल्या घरातलं आहे हे."

मिस्त्रींनी तिचा हात बाजूला केला. "पोरीचं नाव काढू नकोस. काहीतरीच काय! माझा दिवा जरा नीट नाहीये, बाकी मला काही झालेलं नाही. मोजपट्टीवरची रेघ न् रेघ दिसते मला."

"रेघ मलाही दिसायची," ती म्हणाली.

घरी येताना ते दोनदा रस्त्यात थांबले. मला वाटलं, आता जातील डॉक्टरकडे. पण नाही गेले. मला त्यांचा रागही येतो आणि गलबलूनही येतं. डोळ्यांचं खरं निघालं तर करवत बंद, डोंगर बंद. करवतीचं त्यांनी कसंतरी सोसलं असतं. पण भिंतीवर अकरा रेघा उरल्या होत्या, आणि त्यातली एकही द्यायला ते तयार नव्हते. माणूस प्रेमापोटी इतका आंधळा होतो, असं म्हटलं की ऐकायला बरं वाटतं. जवळून बघायला फार वाईट असतं ते.

पुढच्या शनिवारी घात झाला. उतरणीवर एके ठिकाणी वाट एकदम डावीकडे वळते. मी ते वळण दाखवत होतो. माझ्या उजेडात तिथलं झुडूपसुद्धा पान न् पान दिसत होतं. मिस्त्रींना वळण दिसलं नाही. समोर वाट संपली एवढंच त्यांना दिसलं, आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला. पोरगी अगदी मागे होती. बापावर आदळू नये म्हणून तिने सायकल बाहेरच्या अंगाला घातली आणि कडेच्या चरात पालथी पडली.

मिस्त्रींनी सायकल टाकून दिली. हँडल चराकडे वळलं होतं. मी थेट तिच्यावर होतो. तिची पाठ, तिचा एक बूट, खांद्याखाली वेडावाकडा झालेला हात, सगळं मला दिसत होतं.

"कुठे आहेस? बाळा, कुठे आहेस?"

"बाबा, इथेच..." गवतात तोंड खुपसून ती कण्हत होती.

तिच्यापासून ते दोन हातांवर उभे होते. दोन हातांवर! आणि भलतीकडेच, दरीकडे बघून हाका मारत होते. मग त्यांनी खाली बसून हातांनी चाचपडायला सुरुवात केली. आधी त्यांच्या हाताला बूट लागला, मग पाय. मग त्यांनी मान वळवली, आणि माझा उजेड तिच्यावर पडलाय हे त्यांना दिसलं. मी पहिल्यापासून तिथेच होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा पुन्हा कधी कुणाचा बघायला लागू नये.

मला वाटलं, सुटलो. आता हा माणूस खरं बोलेल.

त्यांनी हात लांब केला आणि माझं बटण दाबलं. मला विझवलं.

"बाबा, दिवा?" तिने मान उचलून विचारलं.

"गेला," मिस्त्री म्हणाले. "ऐन वेळी दगा दिला बघ हलकटाने. म्हणून तर दिसेना मला."

मग त्यांनी मला हँडलवरून काढून खिशात टाकलं. तिथल्या अंधारात मी ऐकत होतो. तिच्या हेल्मेटवर छोटा दिवा होता, त्याच्या उजेडात ती बापाला हाताला धरून खाली घेऊन आली. हो, तीच. मोडलेला हात पोटाशी धरून, दुसऱ्या हाताने त्यांना सांभाळत. "इथे पायरी आहे बाबा, इथे मूळ आहे." तिला वाटत होतं, बाबा घाबरलेत म्हणून ठेचकाळतायत.

पोरीचं खांद्याचं हाड आणि मनगट मोडलं होतं. भेटायला येईल त्याला मिस्त्री माझीच कथा सांगायचे. दिवा फालतू निघाला. पोरगी वाचली हे नशीब. सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून झालं. रात्री एकटे असले की मला हातात घेऊन बसायचे, पेटवायचे नाहीत. एकदा त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं. त्या पाण्याचं मी काय करू?

हाड जुळल्यावर पोरगीच मला घेऊन दुकानात आली. हात अजून झोळीत होता.

"काका, हा बंद पडतो. बाबांसाठी मला सगळ्यात चांगला दिवा हवाय. उगाच मोठा आकडा नको, खरोखर चांगला. माझ्या बाबांना पुन्हा असं व्हायला नको."

दुकानदाराने मला पेटवलं, हलवलं, काउंटरवर आपटलं. मी जळत राहिलो. जीव तोडून जळलो. "याला काही झालेलं नाही गं," तो हळूच म्हणाला. मग जरा थांबून, "बाबांना घरात... संध्याकाळचं नीट दिसतं ना?"

ती हसली. "बाबांना? अहो, बारा पावलांवरून मिलिमीटर वाचतात ते!"

दुकानदाराने तोंड उघडलं. मी म्हटलं, बोल. बोल रे बाबा! पण त्याने तोंड मिटलं, कारण लोकांच्या घरात नाक खुपसायला त्याला आवडत नाही. चांगला माणूस आहे तो. अशा चांगल्या माणसांमुळेच फार नुकसान होतं. त्याने हँडलचा एक आणि हेल्मेटचा एक असे दोन नवे दिवे काढले आणि मला मागच्या कोठारातल्या फळीवर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रींना घेऊन आली. दिवे बघायला दुकानदाराने त्यांना कोठारात आणलं आणि शटर ओढलं. नवा दिवा पेटला. भिंत न् भिंत उजळली. पोरगी त्यांच्या डाव्या अंगाला उभी होती. तिने दुसरा दिवा लावलेलं हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं, बऱ्या असलेल्या हाताने. हसत धरलं. मिस्त्री समोर बघत राहिले. तिचा हात तसाच लांब केलेला, आणि ते समोर बघत राहिले. शेवटी तिने स्वतःच ते त्यांच्या हातात कोंबलं.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?"

"उजेडच एवढा आहे गं," मिस्त्री म्हणाले. "बघतच राहिलो. फार छान निवडलास. इतका चांगला दिवा मला कधी मिळाला नव्हता."

तिचा चेहरा इतका फुलला, इतका फुलला की मला तो बघवेना.

"मग या शनिवारी जायचं? डॉक्टर म्हणालेत, हळू चालवली तर चालेल. वरच्या वाटेने जाऊ, दरीच्या कडेकडेने. तुम्ही पुढे, मी मागे."

"जाऊ की," मिस्त्री म्हणाले. शटर वर करायला वळले, तेव्हा त्यांचा हात कडीच्या आजूबाजूला भिंतीवर फिरत होता.

मी इथे फळीवर आहे. माझ्यात काही खोट नाही. बॅटरी भरलेली आहे, काच स्वच्छ आहे. मला स्वतःसाठी काही नको, पुन्हा हँडलवर बसायचीही हौस उरलेली नाही. तुम्ही कुणी या रस्त्याने जात असाल, तर त्या सुताराच्या घरी जा आणि त्या पोरीला सांगा. दिवा बंद पडला नव्हता, तुझ्या बापाने तो विझवला होता, एवढंच सांगा. ती चिडेल, तुम्हाला हाकलून देईल, तरी सांगा. आणि जरा लवकर जा हो. आज शुक्रवार आहे.