तिसरे पाणी

मी एक जुने मोजणीचे सॉफ्टवेअर आहे. मित्रांनो, मी सांगणार आहे ती हकीकत दोन हजार अकरा सालची. तेव्हा मी नवे होते. आज माझा संगणक एका कपाटाच्या खालच्या फळीवर पडून आहे, पण माझ्यातले आकडे जसेच्या तसे आहेत.

मला दोन मैत्रिणींनी एका भाड्याच्या खोलीत लिहिले. धंद्यात पाणी, वीज, जळण आणि साबण किती लागतो ते मोजायचे, आदल्या वर्षाशी ताडून पाहायचे आणि बचत दाखवायची, एवढेच माझे काम. थोरलीला झाडांची हौस. तिने माझ्या पडद्यावर एक झाड काढले. हजार लिटर पाणी वाचले की त्याला एक पान फुटायचे. धाकटीने रोजच्या नोंदीच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक रिकामा रकाना ठेवला.

"हा कशाला?" थोरलीने विचारले.

"कुणाला काही सांगावंसं वाटलं तर."

"मग अहवालात नको घेऊस. अहवाल एका पानात बसला पाहिजे."

अहवाल एका पानात बसला. शेरा माझ्यापाशीच राहिला.

तिथून मी एका मोठ्या लॉन्ड्रीत आले. तिथे इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. बॉयलरशेजारी लाकडी फळ्या ठोकून केलेली एक खोली होती. तिथे माझा संगणक ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर एक फाटका अभ्रा घातला. माझ्याकडे नोंदी करायला एक तरुण बाई आली. तिची सासू तिथेच बावीस वर्षे इस्त्री विभागात होती. सासूला ती आत्या म्हणे, म्हणून सगळी लॉन्ड्री आत्या म्हणे. आणि हिला सगळे सूनबाई म्हणत, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचा मुकादमसुद्धा.

सूनबाई सकाळी पाण्याचे, विजेचे असे पाचही मीटर बघून यायची, आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायची आणि मग माझ्यात भरायची. मुकादम दारातून डोकवायचा.

"विचार तुझ्या पेटीला, आज आंघोळ करू की नको?"

"ती म्हणते करा. वास इथवर येतोय," सूनबाई मान वर न करता म्हणायची.

पहिल्या तीन महिन्यांत मी खरोखर उपयोगी पडले. सुट्टीच्या दिवशी यंत्रे बंद असूनही पाण्याचा काटा फिरतो, हे मी दाखवले. मागच्या भिंतीतला एक नळ फुटलेला निघाला. अर्धवट भरलेले यंत्र चालवणे बंद झाले. माझ्या झाडाला पाने आली. बचत शेकडा चोवीसवर गेली आणि तिथे थांबली.

शेकडा तीस बचत करणाऱ्यांना एक संस्था हिरवी पाटी देत असे. पाटी असली की इस्पितळे काम देताना आधी तुमचा विचार करत. मालकीणबाई खाली आल्या आणि माझ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"मुकादम, आणखी सहा कुठून आणायचे?"

मुकादमाने डोके खाजवले. "बाई, आपण साबणातून काढल्यावर तीन पाणी देतो. तिसरं बंद केलं तर? चादर दोन पाण्यातच पांढरीशुभ्र दिसते."

एक चादर दोन पाण्यातून काढून मालकीणबाईंना दाखवली. ती पांढरीशुभ्र दिसत होती. पुढच्या महिन्यात मी एकतीस दाखवले. पाटी आली. मला मध्ये घेऊन सगळ्यांचा फोटो काढला. आत्याही होती, मागच्या रांगेत, हात पदराखाली घेऊन.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मला तेव्हा अभिमान वाटला असेल. मला काही वाटले नाही. माझ्यात त्याचा रकाना नव्हता.

इस्त्री विभागात ओल्या चादरी हातांनी झटकून, ताणून गरम रुळांखाली सोडाव्या लागतात. दिवसाला एकेका बाईच्या हातून सहाशे. महिन्याभरात आत्याच्या बोटांची साले निघू लागली. मग भेगा पडल्या. घरी तिला ब्लाउजची बटणे लागेनात.

"थंडीनं होतं असं," आत्या म्हणाली.

"आत्या, पंखा लावून झोपतोय आपण."

"मग वयानं होत असेल. तू तुझी पेटी बघ."

सूनबाई दुसऱ्या दिवशी इस्त्री विभागात गेली. आणखी तिघींनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तिने एक ओली चादर पेल्यात पिळली आणि त्या पाण्यात बोटे चोळून पाहिली. पाणी बुळबुळीत होते. चादरीत साबण आणि पांढरे करायची पूड तशीच राहत होती.

ती मुकादमाकडे गेली. मुकादम तिची नजर टाळत म्हणाला, "पाणी पेटीनं वाचवलं, पाटी पेटीनं आणली. मी कोण सुरू करणार? वर कळव की. तुझ्याच पेटीतून जातं ना सगळं वर."

सूनबाईला ते पटले. त्या दिवशी तिने प्रथमच शेरा लिहिला. "तिसरे पाणी बंद केल्यापासून इस्त्रीच्या चौघींचे हात फुटले आहेत. आत्याची उजव्या हाताची दोन बोटे जास्त. कृपया तिसरे पाणी सुरू करावे."

दर सोमवारी सकाळी माझा अहवाल आपोआप वरच्या मजल्यावर, मालकीणबाईंच्या प्रिंटरमधून निघे. सूनबाईने ते पान कधी पाहिले नव्हते. त्या सोमवारी मालकीणबाई पान हातात घेऊनच जिना उतरल्या. सूनबाई उठून उभी राहिली.

"वाचलं मी. छान चाललंय," मालकीणबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

 सूनबाईने खाली बसून मीटरचे आकडे भरले.

त्यानंतर ती रोज शेरा लिहू लागली. आज कोणाची किती बोटे. आज कोण कामावर आली नाही. आज आत्याने पेला दोन्ही मनगटांत धरला. हळूहळू शेरे आखूड झाले. शेवटी ती नुसते "हात तसेच" एवढेच लिहायची. असे सत्त्याण्णव दिवसांचे शेरे माझ्यात आहेत. मी ते नीट ठेवले. कोणाला दाखवावेत असे मला कोणी सांगितले नव्हते.

सत्त्याण्णवाव्या दिवशी इस्त्री विभागात करपल्याचा वास आला. सगळ्यांना वाटले, चादर जळते आहे. आत्या चादर सरळ करत होती आणि तिची दोन बोटे तापलेल्या रुळाच्या कडेला टेकलेली होती. तिला कळलेच नव्हते. शेजारणीने तिचा हात ओढून काढला, तेव्हा आत्या म्हणाली, "काय झालं गं?"

सूनबाई जिना चढून वर गेली. पाच मिनिटांनी ती आणि मालकीणबाई माझ्या खोलीत आल्या.

"तुम्ही रोजचं वाचत होता. वाचून छान म्हणत होता," सूनबाईचा आवाज अगदी सपाट होता.

"काय वाचत होते मी? माझ्या पानावर शेकडेवारी येते, पाणी येतं, झाड येतं."

सूनबाईने माझ्यावरचा अभ्रा काढला आणि शेऱ्याचा रकाना उघडला. मालकीणबाई खुर्चीत बसल्या. चष्मा विसरला होता म्हणून पडद्याला नाक लावून त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतले. निम्म्यावर आल्यावर म्हणाल्या, "तू वर का नाही आलीस गं?"

"मी रोजच येत होते, बाई. असं मला वाटत होतं."

त्याच दुपारी तिसरे पाणी सुरू झाले. पुढच्या महिन्यात मी तेवीस दाखवले आणि माझ्या झाडाची पाने गळाली. मालकीणबाईंनी हिरवी पाटी स्वतः उतरवली, कागदात बांधली आणि पत्र घालून परत पाठवली. एका इस्पितळाचे काम गेले.

त्या सगळ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगते. तिघींचे हात दोन-तीन महिन्यांत भरून आले. मुकादम निवृत्त होईपर्यंत प्रत्येक खेपेला धुतलेल्या चादरीचे पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघत असे. थट्टा मात्र त्याने सोडून दिली. मालकीणबाईंनी आठ वर्षांनी लॉन्ड्री विकली. थोरल्या मैत्रिणीने दुसरी नोकरी धरली. धाकटी एकदा येऊन शेरे वाचून गेली आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिने शेरा अहवालाच्या पहिल्या ओळीत आणला. सूनबाई आता दुसऱ्या कारखान्यात देखरेखीला आहे. आत्याच्या त्या दोन बोटांना अजून काही कळत नाही. नातीला ताप आहे का, हे ती तिच्या कपाळाला आपला गाल लावून बघते.

मित्रांनो, पाणी जरूर वाचवा. माझ्यासारखी सॉफ्टवेअरही वापरा; आम्ही आकडा चुकवत नाही. पण बचत दिसली की ज्यांच्या हातून ती झाली, त्यांच्याकडे एकदा स्वतः जा. जाताना कागद नेऊ नका. त्यांना हात पुढे करायला सांगा, आणि उजेडात धरून नीट बघा.