घंटी वाजली की सोपं बोलायचं

संस्थेचा जनतेशी संवाद कमी पडतो, असं वरून पत्र आलं आणि संस्थेने ताबडतोब एक समिती नेमली. समितीने अहवाल लिहिला. तो कुणालाच समजला नाही, तेव्हा संवाद खरोखरच कमी पडतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग कार्यशाळा ठरली.

आकडेबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. आरोग्य विभागात येणारी माहिती आकड्यांत मांडायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे तसं म्हणत. सध्या त्यांच्याकडे लहान मुलांच्या दातांचा अभ्यास होता. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की मुलांच्या दातांवर आधी पांढरे पट्टे येतात, मग ते पिवळे आणि पुढे तपकिरी होतात, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकल्या असत्या. शेकडो मुलांचे दात त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणजे त्या दातांना दिलेले शून्य ते पाच गुण गेले होते. तोंड मात्र त्यांनी एकाही मुलाचं उघडून पाहिलं नव्हतं. ते काम दंतवैद्यांचं, दंतवैद्य बसत दुसऱ्या इमारतीत, आणि दुसऱ्या इमारतीत जायला पास लागे.

त्यांचे यजमान चार रांगा मागे होते. ते खडक विभागात, म्हणून दगडोबा. जमिनीखालच्या पाण्यात काय काय विरघळलंय त्यावरून खडकाचं वय काढायचं, हा त्यांचा ध्यास. नवराबायको एकाच स्कूटरवरून येत, एकाच डब्यातलं जेवत आणि दुसरा दिवसभर नेमकं काय करतो याचा दोघांनाही पत्ता नसे. घरचा नियमच होता, उंबऱ्याच्या आत ऑफिस आणायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आलेल्या पाहुण्यांना दगडोबांनी एका खडकाची जन्मकथा सांगितली होती. पाहुणे पहिल्या वाढपातच हात धुवून निघाले. नियम त्या दिवसापासूनचा.

त्यामुळे घरात बोलायला एकच विषय उरला होता, तो म्हणजे बिट्टीचे दात. बिट्टी सात वर्षांची. दुधाचे दात पडून पुढचे नवे आले ते पट्ट्यापट्ट्यांचे, कडेला पिवळट. आकडेबाईंनी निदान करून टाकलं की पोरगी ब्रश करायचा कंटाळा करते.

"घास नीट! चार लोकांत हसशील तर काय दिसेल?"

बिट्टी घासायची. इतकं घासायची की ब्रशाचे केस दोन्हीकडे लोळले आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दात होते तसेच राहिले. हल्ली ती हसताना तोंडावर हात धरायची. शाळेच्या फोटोत तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की फोटोवाल्यानेच विचारलं, हिला कुणी रागावलंय का?

दिव्याखाली अंधार म्हणतात. पण खालचा भाग आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही, असंच त्या दिव्यालाही वाटत असणार.

असो. कार्यशाळा सुरू झाली. संचालकांनी 'थोडक्यात बोलण्याचं महत्त्व' या विषयावर तासभर भाषण केलं. माइक बंद होता, पण हे त्यांना सांगायचं कुणी यावर मागच्या रांगांत एकमत होईना. नंतर संवादगुरू आले. हे गृहस्थ पूर्वी साबणाच्या जाहिराती करत, आता विज्ञान स्वच्छ करायला निघाले होते. त्यांच्या हातात एक पितळी घंटी होती.

"जोड्या करा," ते म्हणाले. "आपलं काम समोरच्याला सांगा. अवघड शब्द आला की मी घंटी वाजवणार. घंटी वाजली की सोपं बोलायचं!"

चिठ्ठ्या टाकल्या आणि आकडेबाईंच्या वाट्याला दगडोबाच आले. सभागृह खदखदून हसलं. संवादगुरू म्हणाले, "वा! तुमचं काय, तुम्ही रोजच बोलत असणार."

दगडोबांनी घसा साफ केला. "मी पाण्याचा अभ्यास करतो. खोल खडकातलं पाणी. त्यातल्या विद्राव्य..."

टिंग.

"त्यात विरघळलेल्या गोष्टी मोजतो."

"कुठलं पाणी?" आकडेबाईंनी जांभई दाबत विचारलं.

"आपल्याच गल्लीतलं की. टाकीमागची बोअर, आपल्या नळाला येते तीच. जवळ पडते म्हणून तिथूनच बाटली भरून नेतो. फार सुंदर खडक आहे गं तिथे. पाण्यात इतकं फ्लोराइड..."

टिंग.

आकडेबाईंची जांभई अर्ध्यातच थांबली. "काय म्हणालात?"

"फ्लोरा..."

टिंग. "सोपं, साहेब, सोपं!" संवादगुरू लाडात आले.

"किती आहे?"

"एका लिटरला चार मिलि..."

टिंग. "आकडे नकोत! लोकांना आकडे कळत नाहीत."

आकडेबाई उठल्या, संवादगुरूंच्या हातातली घंटी काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. मग नवऱ्याकडे वळल्या. "दीडच्या वर गेलं की मुलांचे दात बिघडतात, अहो. चार आहे? आणि आपण तेच पाणी पितो?"

"दातांचं माझ्याकडे येत नाही. मी अहवालात तसं लिहिलंय ना, आरोग्याचा मुद्दा या अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा आहे. एक प्रत तुमच्या विभागालाही पाठवली होती."

पाठवली होती हे खरंच. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची. दोन वर्षं आकडेबाई तिच्यावर गरम डबा ठेवत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे कळशावर डबा ठेवून वळसा चालला होता.

"बिट्टीचे दात," त्या म्हणाल्या.

"पण ते तर ब्रश नीट न केल्यामुळे ना? तूच म्हणालीस," दगडोबा म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांचाही चेहरा उतरला.

संवादगुरूंनी टाळ्या पिटल्या. "पाहिलंत? याला म्हणतात भावना! पहिलं बक्षीस या जोडीला." बक्षीस म्हणून संस्थेचं चिन्ह छापलेली पाण्याची बाटली मिळाली.

दोघं बाटलीसकट थेट संचालकांच्या खोलीत गेले. गल्लीला आजच सांगायला हवं, असं आकडेबाईंनी सांगितलं. बिट्टीच्या आलेल्या दातांचं काही करता येणार नाही, पण तिचे मागचे अजून हिरडीत घडतायत, आणि गल्लीत त्याहून लहान मुलं आहेत. संचालकांनी सगळं मन लावून ऐकलं, कारण ते कार्यशाळेतून आले होते.

"अतिशय गंभीर आहे," ते म्हणाले. "मजकूर तयार करा. पुढच्या महिन्यात समितीपुढे ठेवू. सुरुवात 'घाबरण्याचं कारण नाही' अशी करा, लोकांना बरं वाटतं. तोपर्यंत मात्र बाहेर एक अक्षर नको. दोघांच्याही नोकरीचा प्रश्न आहे."

दोघं स्कूटरवरून निघाले. घरी आले तेव्हा बिट्टी बेसिनपाशी स्टुलावर उभी होती. आई आल्याची चाहूल लागताच तिने घाईघाईने ब्रश तोंडात घातला.

"घासतेय गं! दुसऱ्यांदा घासतेय!"

आकडेबाईंनी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. "उपलब्ध माहिती पाहता," अशी त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच्याच आवाजाची त्यांना शिसारी आली. पर्समधली घंटी वाजायचीही गरज नव्हती.

"पाणी खराब आहे, बाळा. त्याने झालंय. तुझी काही चूक नव्हती. मी उगाच ओरडत होते."

बिट्टीने आरशात पाहिलं, मग आईकडे. "तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"बाबांना कधी कळलं?"

दगडोबा दारात उभे होते. खडकाचं वय सांगताना त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं. "तू पहिलीत जायच्या आधी," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही गं."

"मी विचारलं असतं," बिट्टी म्हणाली.

बेसिनचा नळ वाहत होता. दगडोबांनी पुढे होऊन तो बंद केला आणि पायांत चपला सरकवल्या. "चला," ते म्हणाले.

"नोकरी?" आकडेबाईंनी विचारलं.

"ती तुझ्या अभ्यासाच्या कक्षेत येते का?"

शेजारच्या काकूंनी दार उघडलं. काखेत तान्हा नातू, हातात दुधाच्या पावडरीची बाटली, नळाचं पाणी नुकतंच उकळून त्यात ओतलेलं. दारात अख्खं कुटुंब पाहून त्या बिचकल्या.

"प्राथमिक निष्कर्षांनुसार," दगडोबांनी तोंड उघडलं, "टाकीमागच्या बोअरमधल्या..."

"उकळून फायदा नाही," आकडेबाई मध्येच म्हणाल्या, "कारण त्यातलं प्रमाण..."

काकू या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिल्या. दोघांपैकी एकाचंही वाक्य संपेना. बाळाने बाटलीकडे हात केला.

तेव्हा दोघांच्या मधून बिट्टी पुढे झाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने हात तोंडावरून काढला, मान वर केली आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही ओठ बोटांनी ताणून सगळे दात दाखवले.

"हे बघा काकू," ती म्हणाली. "नळाचं पाणी प्यायलं की बाळाचे असे येणार."

काकूंनी वाकून नीट पाहिलं. मग बाळाला दुसऱ्या काखेत घेतलं, आत गेल्या आणि बाटली मोरीत ओतून दिली.