कणीची भाकर

अहेरीत कोणालेबी विचारा, लटारू नाकेदाराची चैती कशानं मेली. सारे एकच सांगतील, सावत्र मायनं पोटाले देलं नाई म्हणून. ती सावत्र माय म्हणजे मी, भागीरथा. लय दिवस तोंड शिवून बसली. आता कोणासाठी गप राहू?

मी पाटानं या घरी आली तवा चैती तीन वर्साची होती. तिची माय तापानं गेलेली. पोट्टीनं पहिल्याच दिवशी माह्या लुगड्याचा पदर धरला, तो पुढं मुखरू झाला तरी सोडला नाई. मुखरू माह्या पोटचा. पण मले माय म्हणून पहिली हाक चैतीनं मारली, ते मी कशी विसरू?

आम्ही खेड्यात होतो तवर पोट्टी धडधाकट होती. भात खाय, पेज पिये, दिवसभर हिंडे. मग घरवाले जंगलखात्यात नाकेदार झाले आन आम्ही अहेरीले आलो. इथी कंट्रोलच्या दुकानात गहू भेटे. आमच्या झाडीत, या धानाच्या मुलखात, गव्हाची पोळी म्हणजे जावयाचं जेवण. घरवाल्यायले त्याचा भारी तोरा, नाकेदाराच्या घरी रोज पोळी झालीच पाहिजे.

दोन वर्सात चैतीचं पोट घागरीसारखं फुगलं आन हातपाय काटक्या झाले. दिवसातून सात-आठ वेळा परसाकडे जाय. वैदू झाला, देव झाला, कोंबडं झालं. शेवटी नवे पैसे सुरू झाले त्या साली आम्ही बल्लारशाहून रेलगाडीनं तिले नागपूरले नेलं. विलायतेत शिकून आलेला एक डॉक्टर होता. काय खाता, कवापासून खाता, सारं त्यानं खोदून खोदून विचारलं आन म्हणाला, हिले गहू चालत नाई. पोळी नाई, रवा नाई, शेवया नाई, पिठाची चिमूटबी नाई. भात द्या, ज्वारी द्या, पोट्टी जगते. मले तर हसू आलं. झाडीत तांदळाले काय तोटा?

वापस येताना घरवाल्यायनं मले बजावलं. "हे बाहेर कोणाजवळ बोलायचं नाई. पोरीची जात हाय. अशी खोड हाय म्हणून कळलं तर कोण करून नेईल तिले?" मीबी मान हलवली. मी तिथीच चुकली.

तवापासून रोज सकाळी माह्यासमोर दोन फडकी राहत. तांबड्या फडक्यात चैतीची शिदोरी, तांदळाच्या कणीची भाकर आन जवसाची चटणी. कणी मी सोता जात्यावर दळत होती. घरचा गहू गिरणीवर जाय, जात्यावर त्याचा दाणा पडू देला नाई. पांढऱ्या फडक्यात मुखरूची पोळी. दोघायलेबी भाकरच बांधते म्हटलं तर घरवाले ताट सरकवून उठले. नाकेदाराचा पोट्टा कणी खाईल काय म्हणे. मग तवे दोन केले, काठवटी दोन केल्या. आधी भाकर थापायची आन चैतीचं फडकं बांधून खुंटीले लावलं की मग गव्हाच्या पिठाले हात लावायचा.

आठ महिन्यात पोट्टीच्या गालावर मास आलं. केस असे दाट झाले की वेणी घालताना मुठीत मावत नव्हते. त्या दिवसात मी सुखात होती, खोटं काऊन बोलू?

पण शाळेच्या पडवीत लेकरं फडकी सोडत आन सारं गाव पाहे. सख्ख्याले पोळी, सावत्रले कणी. गुरुजीची बायको इंदुताई शाळेच्या बाजूलेच राहे. तिले लेकरू नाई, चैतीवर तिचा मोठा जीव. एक दिवस विहिरीवर बायायसमोर तिनं मले विचारलं, काऊन वं भागीरथा, या पोट्टीनं तुह्यं काय घोडं मारलं? नागपूरचा डॉक्टर माह्या जिभेवर आला होता. त्याले गिळलं आन म्हटलं, तिले भाकरच आवडते. बाया एकमेकींकडे पाहून हसल्या.

वर्सभर ऐकलं. बाजारात ऐकलं, नदीवर ऐकलं, माहेरी गेली तर तिथीबी ऐकलं. माहा भाऊ म्हणे, बाई, हे पाप कुठी फेडशील?

मग पंधरा ऑगस्ट आला. झेंड्याले सारे मायबाप येणार होते आन मागून लेकरं साऱ्यायसमोर ओळीनं जेवणार होते. त्या सकाळी मी तांबड्या फडक्यात पोळी बांधली. तूप लावून, वर गुळाचा खडा ठेवून. एका पोळीनं काय होते, असं मनाले समजावलं. पोट्टीसाठी नाई बांधली मी, लोकायसाठी बांधली.

चैतीनं फडकं सोडलं आन माह्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती पोळी तिनं इतकी हळूहळू खाल्ली, बाजूच्या पोट्टीले दाखवून दाखवून. इंदुताईनं माह्या खांद्यावर हात ठेवला. वर्सभरात कोणी माह्या अंगाले मायेनं हात लावला नव्हता. मले तिथीच रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा भाकर सुरू केली आन चार दिवस डोळ्यात तेल घालून बसली. थोडं पोट दुखलं, एकदा पातळ झालं, बस. देवाले नारळ फोडला.

फडकं रोज खाली होऊन घरी येत होतं. तरी दिवाळीपासून पोट्टी उतरू लागली. पोट फुगलं, वेणी पुन्हा शेपटीएवढी झाली. मी गहू कुलपात ठेवला. जातं घासून धुतलं, तांदूळ दाणा दाणा निवडला. कुठून येऊन राह्यलं हे, काई समजेना. नागपूरले चला म्हणून घरवाल्यायच्या पाया पडली. ते म्हणत, साहेबाचा दौरा होऊ दे.

पौष महिन्यात एका दुपारी तिले मांडीवर घेऊन पेज पाजत होती. तिनं तोंड फिरवलं.

"इंदुताईची पोळी पाहिजे," म्हणाली.

मग सारं बाहेर आलं. दुपारची सुट्टी झाली की इंदुताई तिले चुलीजवळ बसवे, तूप-पोळी खाऊ घाले आन मायले सांगू नको म्हणे. माही भाकर इंदुताईच्या गाईले जाय. पंधरा ऑगस्टाच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज.

"तुले डॉक्टरनं मना केलं होतं ना, बाई?"

"तूबी तर देली होती, माय," चैती म्हणाली. "तवा कुठी मेली मी?"

मी तशीच इंदुताईच्या दारात गेली. नागपूर, डॉक्टर, लग्नाची भीती, सारं सांगितलं. ती रागावली नाई. मायेनंच म्हणाली, भागीरथा, पोट्टी जाऊन राह्यली आन तू माह्या पोळीले नाव ठेवते काय? खरं होतं तर इतके दिवस काऊन नाई सांगितलं? तिचं बी काय चुकलं? तिच्या जागी मी असती तर मीबी हेच म्हटलं असतं.

घरवाल्यायले रजा भेटली तवर चैती गेली होती. दहा वर्साचीबी झाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नदीवर निवद ठेवला. लहान लेकराचं आमच्यात एवढंच करते. मी पळसाच्या पानावर कणीची भाकर ठेवली, जवसाची चटणी ठेवली. आता तरी तिच्या पोटात सोसते ते जाऊ दे, असं मनात होतं. कावळे झाडावर बसून राह्यले. एक खाली आला, भाकरीभोवती फिरला आन उडून गेला. घरवाल्यायनं हात जोडले, चुकलंमाकलं माफ कर म्हटलं. ऊन डोक्यावर आलं तरी पान तसंच.

मग इंदुताई पुढं आली. पदराखालून तुपाची पोळी काढून तिनं भाकरीवर ठेवली. ती मागं सरली नाई तोच कावळ्यानं झडप घालून पोळी नेली.

साऱ्या बायायनं माह्याकडे पाहिलं. घरवाल्यायनंबी पाहिलं. नागपूरले हा माणूस माह्या बाजूले उभा होता, डॉक्टरचा शब्द न् शब्द त्यानं ऐकला होता. तो खाली मान घालून घराकडे निघाला.

मी कावळ्याकडे पाहत राह्यली. फांदीवर बसून तो पोळी खात होता. त्याले काय, त्याले गहू पचते.