फरशीत मुरलेलं प्लॅटिनम

खुर्शिदचं माहेर शिरूरचं. तिचे वडील, नाव फकीर, हे झारेकरी. सराफांच्या दुकानांतला केर आणि मोरीतला गाळ विकत आणायचा, घोडनदीच्या पाण्यात परातीनं धुवायचा आणि त्यातून सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. लहानपणी खुर्शिदही त्यांच्यासोबत गुडघाभर पाण्यात उभी राहायची. पुढं लग्न होऊन ती दौंडला आली आणि तो धंदा सुटला. नवरा गेल्यावर, दोन हजार एक साली, ती कुरकुंभच्या एका लहानशा कारखान्यात झाडलोटीला लागली.

तिथं मोठ्या कंपन्यांकडून पिंपं भरभरून काळी भुकटी यायची. मालक होते खुटबावचे मारुतराव. सगळं रसायनाचं काम वैष्णवी नावाची तरुण केमिस्ट बघायची. एकदा खुर्शिदनं तिला विचारलं, "बाई, ह्या काजळीत असं हाय तरी काय?"

"प्लॅटिनम, मावशी. औषधं बनवताना काही रसायनं आपली आपण जमत नाहीत. हे मधे असलं की जमतात आणि हे स्वतः मात्र जसंच्या तसं उरतं. वापरून वापरून माखतं, मग काम करेनासं होतं. आपण ते सोडवून परत देतो."

खुर्शिदनं चिमूटभर भुकटी उन्हात धरून पाहिली. एक कणसुद्धा चमकला नाही. पोरगी शिकलेली आहे, खोटं कशाला बोलेल, असं म्हणून ती झाडू मारायला गेली.

मग एका शुक्रवारी दुपारी घात झाला. दोन महिन्यांच्या भुकटीचा तेजाबात काढलेला अर्क एका मोठ्या काचेच्या भांड्यात साठवलेला होता, डाळिंबाच्या रसासारखा लालभडक. भांडं उचलताना त्याचं बूड तडकलं आणि सगळा अर्क जमिनीवर सांडला. सिमेंट फसफसून उठलं. वैष्णवी मागं सरकली म्हणून वाचली.

"पाणी मारा! पाइप आणा!" मारुतराव ओरडले.

"मालक, थांबा!" खुर्शिद आडवी आली. "पाणी मारलंत तर सगळं गटारात जाईल. कोरडी वाळू टाका."

"सगळं मुरलं हो, मावशी," वैष्णवी रडवेली होऊन म्हणाली.

"मुरलं म्हंजी हितंच हाय की. गेलं कुठं?"

मारुतरावांनी पाइप आणणाऱ्याला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "सांग बाई, काय करायचं ते."

वाळू टाकली, अर्क शोषून ती भिजली, मग गोळा केली. खुर्शिदनं सगळ्यांच्या चपला दारातच काढून घेतल्या. फडकी, झाडू, गोणपाट, काही म्हणता काही बाहेर जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोड्यानं फरशी खणली. लाल डाग संपेपर्यंत खाली खाली जात राहिले, तर खड्डा वीतभर झाला. ते सगळं कुटलं आणि भट्टीत खरपूस भाजलं, म्हणजे अर्क जळून धातूचे कण उरतील. मग हातमोजे चढवून खुर्शिद परात घेऊन टाकीपाशी बसली. धुवणाचं पाणीसुद्धा तिनं टबात निवळत ठेवलं.

तीन दिवस ती धूत होती. सोनं असतं तर डोळ्यांना दिसलं असतं. इथं नुसती राखाडी माती. पण परात झुलवताना वाळू पुढं सरायची आणि मागं एक काळपट रेघ हटून बसायची. पाण्याला न जुमानणारं ते वजन तिच्या मनगटांनी ओळखलं.

"हाय," ती पुटपुटली. "लई जड काय तरी हाय हितं."

वैष्णवीनं ती रेघ तेजाबात विरघळवली, गाळली. पुन्हा तोच लाल रस उतरला. मग तिनं दुसऱ्या भांड्यातलं नितळ पाणी त्यात ओतलं.

"हे काय घातलंत?"

"नवसागर."

"कल्हईवाल्याचा?" खुर्शिद हसणारच होती, तेवढ्यात लाल रसात हळद कालवल्यासारखं पिवळं धुकं उठलं आणि बघता बघता तळाशी बसलं. तिचं हसू ओठांवरच राहिलं. ती पिवळी पूड तापवली तेव्हा पांढरा धूर निघाला आणि मागं राखाडी, भुसभुशीत ढेकूळ उरलं. शेवटी वैष्णवीनं खुर्शिदच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि ढेकळावर ज्योत धरली. त्या ढेकळाचा थेंब झाला. थेंब थरथरला, गोल झाला, आणि सूर्याकडं बघितल्यागत चष्म्यातूनही खुर्शिदचे डोळे दिपले.

गार झाल्यावर मारुतरावांनी तो गोळा काट्यावर ठेवला. जेवढं सांडलं होतं, त्याहून अगदी थोडंच कमी भरलं. त्यांनी तो गोळा उचलला आणि खुर्शिदच्या तळहातावर ठेवला.

बोराएवढाही नव्हता, तरी हात खाली गेला. लहानपणी तिनं सोनं पाहिलं होतं, तोललं होतं. याच्यापुढं ते हलकं वाटलं. इतकं पांढरं, इतकं शांत, आणि राहत होतं काजळीत, वाळूत, चपलांच्या तळव्यांत!

"अल्ला, काय काय दडवून ठेवलंयस," ती हळूच म्हणाली.

गोळा परत देताना तिनं वैष्णवीचा हात धरला. "बाई, ते पिवळं पुन्हा कवा पडंल?"

"सोमवारी. का हो?"

"मला बोलवा. झाडू मग मारीन."