मिशी फुटलेलं कथील

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. जव्हारात कुणालाच वाटलं नाही आणि मोखाड्यात तर सांगायची सोयच उरली नाही. तरी सांगतो, कारण वामनने माझ्या गालांना साबण फासलाय, दाढी होईपर्यंत मला खुर्चीतून उठता येत नाही, आणि बाकड्यावरच्या तुम्हा लोकांनाही नंबर लागेपर्यंत कुठे जायचं नाही. तर ऐका. कथलाला मिशा फुटतात.

हसा. पुष्पाने सांगितलं तेव्हा मीही हसलो होतो.

पुष्पा म्हणजे साखरशेतची, डेपोसमोर जिचं रिपेरिंगचं दुकान आहे ती. तिच्या खालच्या अंगाला माझं. मी रेडिओच्या काळातला, ती शिकून आलेली. वायर पट्टीला चिकटवायला आम्ही धातूची तार वितळवून टाका मारतो, त्याला सोल्डर म्हणतात. माझ्या तारेत कथील आणि शिसं. तिच्या तारेत शिसं औषधालाही नाही. सगळं भांडण एवढ्यावरच.

शिसं असलं की टाका मऊ पडतो, हादरे सोसतो आणि आरशासारखा चमकतो. पुष्पाचा टाका चुलीतल्या राखेसारखा मळकट. बघणाऱ्याला वाटावं, कच्चा राहिलाय. मी तिच्या गिऱ्हाइकांसमोर तसं बोलूनही दाखवायचो. ती शांतपणे म्हणायची की मळकट दिसतो म्हणून कच्चा होत नाही, उलट जिथे पार्ट तापतो तिथे तुमच्यापेक्षा जास्त टिकतो. आणि मुख्य म्हणजे तिची पोरगी, धाकली, टेबलाखाली रांगते आणि सापडेल ते तोंडात घालते. शिसं या दुकानात येणार नाही, असं तिने ठरवलेलं.

मी म्हटलं, "अगं, मी जन्मभर शिशाचा धूर खाल्ला. मला काय झालंय?"

"काका, तुमच्या गोष्टी ऐकल्या की कळतं काय झालंय ते."

आता हे तिने गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं काही कारण होतं का? वामन, तू हसू नकोस. वस्तरा हलतो.

पोर खरी, म्हणून एक खोट तिने आपणहून सांगितली. शिसं काढून टाकलं की कथलाला कधीकधी केसासारखे तंतू फुटतात. भिंगाशिवाय दिसायचे नाहीत इतके बारीक. पण एका टाक्याचा तंतू दुसऱ्याला जाऊन चिकटला की शॉर्ट. शिसं असलं की ते फारसे फुटत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे मिशाच की. आणि मिशीवरून विषय निघाला तो पैजेवर गेला.

त्याच आठवड्यात कान्हाचा अँप्लिफायर आला होता. कान्हाची बँजो पार्टी, लग्नसराईत एक दिवस घरी नसतो. पिकअपच्या हौद्यात सामान आणि जव्हार ते मोखाडा नुसते हेलपाटे. रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. इथून दह्याचं मडकं ठेवून निघालं की मोखाड्यात ताक उतरून घ्यावं, लोणी वेगळं. त्या अँप्लिफायरच्या दोन्ही बाजू मुक्या झालेल्या. ठरलं असं की डावी बाजू मी करायची, माझ्या तारेने, आणि उजवी पुष्पाने, तिच्या तारेने. लग्नसराई उलटायच्या आत ज्याचा भोंगा आधी बंद पडेल तो हरला.

पुष्पा हरली तर माझ्या तारेचं रीळ तिच्या टेबलावर. तिने एकदा धाकलीकडे पाहिलं, पोरगी तेव्हा चपलेचा पट्टा चघळत होती, आणि हो म्हणाली. मी हरलो तर माझी मिशी.

तुम्ही हीच मिशी बघताय, पण तेव्हा तिचा दरारा वेगळा होता. मोखाड्याच्या बोहाड्यात मी देवाचा लाकडी मुखवटा घालून नाचायचो, तर मुखवट्याच्या दोन्ही अंगांनी मिशी बाहेर. बाया पाया पडायच्या आणि म्हणायच्या, रघूकाका, जरा बाजूला सरका, देव दिसत नाही.

तर लग्नं लागली. कान्हा हिंडला. हादऱ्यांनी पिकअपचं मडगार्ड गळून पडलं, आरसा पडला, बँजोवाल्याची कवळी एका वळणावर गेली ती दुसऱ्या फेरीला सापडली. दोन्ही भोंगे चालू. मी रोज कान्हाला विचारायचो, पुष्पा विचारायचीच नाही. तिचं ते न विचारणं मला जास्त टोचायचं.

मग वैशाखातलं मोखाड्याचं लग्न. मांडवात जागा नव्हती म्हणून अँप्लिफायर चुलाणाशेजारी मांडलेला, भाताच्या टोपांना लागून. वर ऊन, खालून धग. नवरीकडच्या बायांनी माईक घेतला आणि गाणं धरलं. डाव्या भोंग्यातून गाणं निघालं बायांच्या आवाजात. उजव्या भोंग्यातून तेच गाणं बाप्याच्या आवाजात.

मी पंगतीत होतो, तसाच उठलो. मी झाकण उघडलं. पुष्पाच्या टाक्यांना मिशा. भिंगबिंग काही लागलं नाही, चांगल्या बोटबोटभर, चांदीसारख्या, आणि गाण्याच्या ठेक्यावर हलताहेत. मी खिशातला कंगवा काढून विंचरल्या, म्हटलं निदान एकमेकींत गुंतायला नकोत. पण एका मिशीने आपला आपणच पीळ भरला, शेजारच्या टाक्याला टोक लावलं, आणि धूर. उजवा भोंगा बंद. डावा माझा, शेवटच्या पंगतीपर्यंत खणखणीत.

बाकड्यावरचा चंदू इतका वेळ पेपरात तोंड घालून बसला होता. त्याने पेपर खाली घेतला आणि विचारलं की मग पुष्पाच्या टेबलावर तुमच्या तारेचं रीळ का दिसत नाही. कालच तो तिथे मोबाईल घेऊन गेला होता.

मी म्हटलं, रीळ घेऊन मी गेलो होतो. धाकली पुढे आली आणि हात पसरला, तोंड आधीच उघडलेलं. तसाच मागे फिरलो. पैज जिंकली म्हणून वसूल केलीच पाहिजे असं थोडंच आहे. सोडून दिलं मोठ्या मनाने.

चंदू म्हणाला, "आणि मिशी?"

"मिशी ही काय, बघ की. मिसरूड फुटल्यापासून आजपर्यंत हिला वस्तरा लागलेला नाही."

गालावरचा वस्तरा थांबला. इतका वेळ वामनने मडगार्ड चालवून घेतलं होतं, कवळी चालवून घेतली होती, कंगवासुद्धा. आता त्याने वस्तरा पुसला, मिटला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काका, बंद पडला तो डावा भोंगा. चुलाणाच्या धगीने तुमचे टाके सुटले. दुसऱ्या दिवशी पुष्पा तुम्हाला हाताला धरून इथे घेऊन आली, आणि मिशी मीच काढली, याच खुर्चीत. धाकली तुमच्या मांडीवर होती. केस तोंडात घालायला निघाली, तेही मीच तिच्या मुठीतून सोडवले."