मूल धावले कोणाकडे?

नारिन या डोंगराळ गावातल्या एका घरात सकाळच्या चहाची वेळ. बेगाइम एका हाताने चहा ओतत होती आणि दुसऱ्याने मांडीवरची वही सावरत होती. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला मानवी विकास हा विषय, आणि त्यासाठी तीन वर्षांच्या एका मुलाचे आठवडाभर निरीक्षण करायचे होते. मूल शोधायला लांब जावे लागले नाही. घरात मीरिम होती.

मीरिम तिच्याच पोटची. पण पहिले नातवंड आजीचे, ही आमच्याकडची जुनी रीत. चाळिसाव्या दिवशी सासूने, सायराबाईंनी, तिला उचलून आपल्या कुशीत घेतले. तेव्हापासून पोर आजीला आई म्हणते आणि जन्मदात्रीला वहिनी. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, खरे दुखणे तेच आहे.

इतक्यात मीरिम उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटला. बेगाइमने वही टाकून हात पसरले. पोर त्या हातांना वळसा घालून आजीला बिलगली.

वहीत रकाना होता : दुखले-खुपले की मूल कोणाकडे धावते? बेगाइमने लिहिले, ‘आजीकडे.’

पोर शांत झाल्यावर सायराबाई पुन्हा बोरसोकची, तळायच्या छोट्या पावांची, कणीक मळायला बसल्या. “लोकांची पोरं सांभाळायला शिकतेय म्हणे! बरं, ते राहू दे. गुलमीराचा फोन होता. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या लेकीची कूस काही उजवली नाही. हे दुसरं तिला द्यायचं ठरवलंय मी. चाळीस दिवस झाले की घेऊन जाईल.”

बेगाइमला सातवा महिना होता. तिने नवऱ्याकडे पाहिले. उलान निवलेल्या चहावर फुंकर मारत राहिला.

“मला विचारलंत का, सासूबाई?”

“पहिल्या वेळी कुठं विचारलं होतं?”

“म्हणूनच या वेळी देणार नाही. वन्संचं दुःख मला कळतं. पण हे बाळ माझ्याजवळ राहील.”

“चार बुकं शिकली नि जीभ सुटली! ऐकतोस ना रे, उलान?”

उलानने उरलेला चहा एका घोटात संपवला.

मीरिमने बेगाइमची बाही ओढली. “वहिनी, ते बाळ तुला काय म्हणणार?”

“आई.”

“मग मी का नाही म्हणत?”

कणकेतले हात थांबले. बेगाइमने हात पुढे केले. पोरीने आधी आजीकडे पाहिले.

बेगाइमने वही मिटून बाजूला ठेवली आणि हात पुन्हा पुढे धरून बसून राहिली.