मिनी बंद होणार का?

प्रभावतीने मिनी कॉम्प्युटरच्या पाठीचे स्क्रू काढले, झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं आणि कोरड्या ब्रशने आतली धूळ झाडायला घेतली. तेवढ्यात दाराशी कोणीतरी चपला काढल्या. तिने मान वर केली नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत पायताण चालत नाही, हे परभणीत आता शेंबड्या पोरालाही पाठ होतं. देवळात चपला घालून शिरलेला माणूस एकवेळ सापडला असता, कॉम्प्युटरच्या खोलीत नाही.

"बाई, येऊ का?"

ब्रश जागीच थांबला. हा आवाज तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो आठवला नाही असा एक दिवसही गेला नव्हता. स्टेशन रोडवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक, मार्तंड सर. बाजारात ती समोरून येताना दिसली की ज्यांना एकाएकी पानाची टपरी आठवायची, ते आज आपल्या पायांनी तिच्या दुकानात आले होते.

"या," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

सर बसले. दिवस त्यांनी बरोबर हेरला होता. नामांतराचा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिने दुकानाची एकच फळी उघडी ठेवली होती, तीही उजेडापुरती. ऑफिस नाही म्हणून तिचा नवरा रंगनाथ घरीच होता आणि आत स्टोव्हला पंप मारत होता. सरांना इकडे वळताना पाहायला कोणी नव्हतं.

"काय करायलात?" सरांनी उघड्या मिनीकडे पाहून विचारलं.

"धूळ काढायलेय. हिचं सगळं पोट इथंच असतंय, बटनांच्या खाली. थेंबभर पाणी गेलं की संपलं."

सरांनी एकदम छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून मान पुसली. माणूस खचला होता. गालांची हाडं वर आली होती, आणि कलप लावायचं त्यांनी सोडून दिलेलं दिसत होतं.

"बाई, आडपडदा न ठेवता विचारतो. कंपनी मिनी बंद करायली म्हणे. नांदेडचा माणूस म्हणतोय बंद होणार, औरंगाबादचा म्हणतोय अफवा हाय. माझं तर डोकं चालंना झालंय."

"तुमाला काय करायचंय त्याचं?"

"पूर्णेला अन् सेलूला शाखा काढायलोय. दसऱ्याचा मुहूर्त धरलाय. दोन्हीकडं मिळून लय मशिनी लागतेत. मोठा कॉम्प्युटर आपल्याला झेपत न्हाई, घेतली तर मिनीच. पण उद्या कंपनीनं हात वर केले तर? एक बटन गेलं तरी मशीन अडगळीत. मग पोरं कशाला येतील?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

सकाळीच कंपनीचा पैठणकर नांदेडहून परत जाताना रेल्वेतून उतरून तिच्याकडे येऊन गेला होता. परभणी जिल्ह्याची एजन्सी तिच्याकडे, म्हणून तिला आधी सांगितलं. मिनी दिवाळीपासून बंद. स्वस्तातली मशीन, घरच्या टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर सगळं साठवायचं. लहान गावांनी ती डोक्यावर घेतली, पण कंपनीला आता मोठ्या मशिनींचे डोहाळे लागले होते. सुटे भागसुद्धा मिळणार नव्हते. गोदामात आहे तेवढा माल खपवा, तोवर तोंड उघडू नका, एवढं बोलून पैठणकरने पोह्यांची बशी रिकामी केली होती. रंगनाथ समोर बसूनच ऐकत होता.

म्हणजे 'नाही हो, अफवा आहे' एवढे चार शब्द बोलले की काम झालं असतं. सर मिनी घेतील, दसऱ्याला नारळ फोडतील, आणि वर्ष फिरायच्या आत दोन गावांत दोन खोल्या भरून भंगार उरेल. प्रभावतीला आनंद झाला. उगीच सोवळेपणा करण्यात अर्थ नाही, झाला. भुकेल्या माणसापुढे कोणी वाढलेलं ताट सरकवावं तसा झाला.

भूक तीन वर्षांची होती.

परभणीतला कॉम्प्युटरचा पहिला क्लास सरांनी काढला असं लोक म्हणायचे. काढला प्रभावतीने. त्यांच्याकडे टायपिंग शिकवता शिकवता तिनेच औरंगाबादला जाऊन मिनी शिकून घेतली, तिनेच सरांच्या मागे लागून पहिली मशीन आणवली. क्लास जोरात चालला. मग खंडेनवमी आली. टाइपरायटरांची पूजा सर दरवर्षी स्वतः करायचे: हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी फुलाने यंत्रावर शिंपडायचं. टाइपरायटरांनी ते तीर्थ वर्षानुवर्षं मुकाट्याने पचवलं होतं. लोखंडच ते. त्या वर्षी सरांनी तोच मान मिनीला दिला. "सर, हिच्यावर नको," असं प्रभावती म्हणाली होती. "देवाच्या पाण्यानं काही होत न्हाई, बाई," असं म्हणून सरांनी जरा जास्तच शिंपडलं.

दसरा झाल्यावर मशीन सुरू केली तर जळका वास आला आणि टीव्हीचा पडदा पांढराफट्ट. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने भरल्या क्लासात मिनी उघडली. बटनांखाली कुंकवाचा चिकट लगदा. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं, कारण त्यावर गॅरंटी अवलंबून होती.

"बाईंनी," सर म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो."

"सर, तुमीच शिंपडलं."

"बाई, माझ्या वयाचा तरी मान ठेवा. खोटं बोलून काय मिळणार तुमाला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. खोलीत सगळे होते. सगळ्यांनी पूजा पाहिली होती, सगळ्यांनी प्रसादाचं खोबरं खाल्लं होतं. एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नका म्हणून निरोप आला.

नोकरीचं एवढं नव्हतं. पण गाव लहान. गल्लीतल्या बायकांच्या भिशीचा डबा वर्षानुवर्षं तिच्याकडे असायचा. त्या महिन्यात मालनबाई आल्या आणि "तुमाला उगं तकलीफ नको" म्हणून डबा घेऊन गेल्या. मुलाने काही सांगितलं की शाळेतल्या बाई म्हणायच्या, आईवर गेलास का रे? आणि रंगनाथने, स्वतःच्या नवऱ्याने, एकदा जेवता जेवता हळूच विचारलं होतं, "खरं सांग, पाणी तूच तर नाही ना शिंपडलंस?" तिने ताट तसंच उचलून मोरीत नेऊन ठेवलं होतं. पुढे तिचं काम पाहून त्या इंजिनिअरनेच शिफारस केली, तिला एजन्सी मिळाली, दुकान उभं राहिलं, लोक येऊ लागले. पण माल हातात घेतला की लोक बाजूच्या दुकानात जाऊन खात्री करून येत.

आणि आता ते कारण समोर बसून मान पुसत होतं.

"शाखा दोन," ती सावकाश म्हणाली. "भांडवल लागंल."

"त्याची सोय केलीय. वसमत रोडचा प्लॉट हाय की, कावेरीच्या नावावरचा. तो बँकेकडं ठेवायलोय." सर खाली बघत म्हणाले. "तिचा तेवढाच आधार हाय. जावई आपल्या वाटेनं गेला, पोरीला घेऊन. बाकी काई राहिलं न्हाई, बाई. इन्स्टिट्यूटमदी टायपिंगला आता कोण येतंय?"

प्रभावतीचा हात पुन्हा थांबला.

कावेरीवहिनी, सरांची बायको. इन्स्टिट्यूटच्या मागेच त्यांचं घर. हिवाळ्यात वहिनी हुरडा भाजून पाठवायच्या, प्रभावतीला दिवस गेले तेव्हा रोज दुपारी स्वतः ताकाचा तांब्या आणून द्यायच्या आणि ती पिईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. ते प्रकरण झाल्यावरही संक्रांतीला तिळगूळ द्यायला एकट्या वहिनीच आल्या होत्या. फार बोलल्या नाहीत. उंबऱ्यावर उभ्या राहून प्रभावतीच्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. नवऱ्याने त्यांनाही थाप मारली असणार, असंच प्रभावती धरून चालली होती. एवढं ऐकूनही बाई आली, याचं तिला त्या दिवशी रडू आलं होतं.

त्या प्लॉटवर एक लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली दोन खोल्या बांधायच्या आणि म्हातारपणी तिथे राहायचं, असं वहिनी बोलायच्या.

सरांवर उट्टं काढायचं तर वहिनींच्या म्हातारपणीचं छप्पर जाणार. प्रभावतीने ब्रश खाली ठेवला. तोंडाशी आलेलं ताट कोणीतरी ओढून घ्यावं तसं तिला झालं, आणि त्या माणसाचा अधिकच राग आला. बायकोच्या पदराआड लपायचीसुद्धा याला अक्कल होती. पण करणार काय?

"सर," ती म्हणाली, "ऐका. मिनीचं असं हाय की—"

सरांना वाटलं, बाई जुन्या गोष्टीमुळे अडखळतायत. त्यांनी घाईने हात वर केला.

"थांबा बाई, आधी मला बोलू द्या. मागचं मनात ठेवू नका. माझी बी मजबुरी होती. एवढ्या लोकांत, कंपनीच्या माणसापुढं, मी शिंपडलं म्हणलो असतो तर इन्स्टिट्यूटची इज्जत गेली असती. तुमचं काय, आज ना उद्या लोक विसरतेत." ते हसले. मन मोकळं केल्यासारखं हसले. "खरं सांगू? त्याच दिवशी घरी जाऊन मी कावेरीला म्हणलो होतो. म्हणलो, बाई खोटं बोलली न्हाई. मीच बोललो. तिला बी ठाऊक हाय."

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला होता.

"वहिनींना ठाऊक होतं?"

"तर! पहिल्या दिवसापासून. म्हणाली, आता झालं ते झालं, चारचौघांत कशाला वाढवता." सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणून तर नांदेड सोडून तुमच्याकडं आलो, बाई. बाकीचे सगळे माल खपवायला बसलेत. तुमी जन्मात खोटं बोलायच्या न्हाईत. तुमी म्हणताल ते मी डोळे झाकून मानणार."

प्रभावतीने मिनीचं झाकण उचललं, नीट जागेवर बसवलं. एक स्क्रू घेतला, फिरवला. दुसरा घेतला. संक्रांतीच्या दिवशी हातावर ठेवलेला तो हात तिला आठवला. किती वेळ होता, किती गरम होता. त्या हाताने चारचौघांत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी तिळगूळ दिला. ती रडली होती, त्या तिळगुळावर.

तिने शेवटचा स्क्रू घट्ट बसवला आणि सरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मिनी बंद न्हाई होत, सर."

"नक्की?"

"सकाळीच कंपनीचा माणूस येऊन गेला. उलट वाढवायलेत. पार्टची फिकीर करू नका, बिनघोर घ्या."

सरांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. उठून त्यांनी चक्क हात जोडले, तिला, आपल्याकडच्या जुन्या नोकरदार बाईला.

"उपकार झाले, बाई. उद्याच बँकेत जातो. माल तुमच्याकडूनच घेणार, दुसरीकडं जाणार न्हाई."

"या. वहिनींना नमस्कार सांगा."

"सांगतो ना. लय आनंद होईल तिला."

सरांनी पायात चपला सरकवल्या आणि ओस रस्त्याच्या मधोमध चालत निघून गेले. आता त्यांना कोणी पाहील याची चिंता दिसत नव्हती.

पडदा सरकवून रंगनाथ बाहेर आला. त्याच्या दोन्ही हातांत कपबश्या होत्या आणि चहा बशीत सांडला होता.

"अगं," तो हळूच म्हणाला, "पण पैठणकर तर सकाळी—"

"तुमी ऐकलं ना, ते आत्ता काय म्हणले?"

रंगनाथने मान हलवली.

"मी खोटं बोलत न्हाई म्हणले." तिने त्याच्या हातातला एक कप घेतला. "जन्मात बोलायची न्हाई."

रंगनाथ खुर्ची ओढून बसला. दोघांनी चहा घेतला, आणि त्याने पुढे काही विचारलं नाही.